मटारचा तास

जानेवारीत पाटनचा मटार जबलपूरच्या गोलबाजारात उतरला आणि हातगाड्या हिरव्या झाल्या, की आमच्या विभागाचा शिपाई अजून मला विचारतो, "मॅडम, कुर्सी बाहर निकाल दूँ?" ती वेताची खुर्ची घाटोळे सरांची. वर्षभर ती विभागाच्या कोपऱ्यात फायली सांभाळायची आणि वर्षातून एकदाच व्हरांड्यात जायची, वर्गाच्या दाराबाहेर. मी दर वेळी त्याला हो म्हणते.

घाटोळे सर आम्हाला अर्थशास्त्र शिकवत. मी आधी त्यांची विद्यार्थिनी, मग त्याच विभागात त्यांच्या हाताखालची, आणि ते निवृत्त झाल्यावर मदनमहालच्या त्यांच्या घरी आठवड्यातून एकदा चहाला टपकणारी. तेव्हा त्यांच्याविषयी मी तटस्थपणे लिहीन अशी अपेक्षा कोणी ठेवू नये. अंगाने किरकोळ माणूस, शर्टाच्या खिशात नेहमी सुपारीचं खांड, आणि आवाज असा की तळमजल्यावर शिकवताना गच्चीवरचे पारवे उडावेत.

त्यांचा आयुष्यभराचा विषय एकच. गरीब देशाला बाहेरून आर्थिक धक्का बसला की तो देश काय करतो? तेल महागतं, तांबं स्वस्त होतं, दोन मोठे देश कुठेतरी भांडतात, आणि त्या भांडणाशी काडीचा संबंध नसलेला तिसराच देश जमिनीवर येतो. मग तो उठतो कसा, आणि उठताना कोणाच्या खांद्यावर हात ठेवतो? वर्ग हिंदीतून चालायचा. तिथे धक्क्याला झटका म्हणत, म्हणून मुलांनी त्यांचं नाव झटका सर पाडलं होतं. सरांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

दूरदेशच्या बातम्या ते आळीतल्या बातम्यांसारख्या सांगत. "चिलीत तांबं पडलं बरं का," हे वाक्य ते अशा सुरात म्हणत की ऐकणाऱ्याला वाटावं, चिलीबाई म्हणून कोणी न्हाणीघरात घसरून पडल्या आहेत. कुठल्या देशाने आपलं चलन उतरवलं की त्या दिवशी सर जेवताना गप्प असत, असं त्यांच्या पत्नी, मालतीकाकू, सांगायच्या. एकदा मी त्यांना सुतकी चेहऱ्याने बसलेलं पाहून घाबरत विचारलं, कोण गेलं? तर आफ्रिकेतल्या एका देशाची कॉफी गेली होती.

कॉलेजच्या फाटकासमोर एक समोसेवाला उभा राही. एका वर्षी खाद्यतेल भडकलं. लढाई हजारो मैलांवर, तेल तिथलं, आणि कढई आमच्या फाटकासमोर. सरांनी त्याला विचारलं की भाव का वाढवला नाहीस. तो म्हणाला, भाव वाढवला तर पोरं बघतात, समोसा लहान केला तर कोण बघतं? सरांनी तो समोसा खाल्ला नाही. कागदात गुंडाळून वर्गात आणला, टेबलावर ठेवला आणि पूर्ण तास त्याच्यावर शिकवलं. शेवटी एका मुलाने विचारलं की सर, आता तो खाल्ला तर चालेल का. त्या दिवसापासून त्यांचं एक वाक्य ठरून गेलं, घरी मराठीत आणि वर्गात हिंदीत. "देश बुडत नाही, समोसा लहान होतो. लहान समोसा कोण खातं तेवढं बघत चला."

दुसरं एक वाक्य होतं, ते परीक्षेत यायचं. धक्का तात्पुरता असेल तर उसनं काढून वेळ मारून न्या; कायमचा असेल तर राहणीच बदला. इथवर सगळेच लिहीत. सरांना हवी असायची पुढची ओळ: धक्का बसतो त्या दिवशी तो तात्पुरता की कायमचा हे कोणालाच कळत नाही, म्हणून जे एकदा गेलं की परत येत नाही त्याला आधी कात्री लावू नका. ही ओळ लिहिणाऱ्याला ते सढळ हाताने गुण देत. फार थोडे लिहीत.

आणि मग तो मटारचा तास. जानेवारीत एके दिवशी सर रिक्षातून गोणीभर मटार घेऊन येत. त्या दिवशी वर्ग म्हणजे देश. पहिल्या बाकांवर मंत्री आणि साहेबलोक, मधे व्यापारी आणि गिरणीवाले, मागे शेतकरी आणि मजूर. प्रत्येकाला शेंगा मिळत, पुढे जास्त, मागे कमी, कारण देश गरीब असला तरी खरा वाटायला हवा असं त्यांचं म्हणणं. शेंगा म्हणजे कमाई; तास संपताना ज्याच्याकडे ज्या उरतील त्या त्याने खायच्या. वाटप झालं की सर बाहेर जाऊन त्या वेताच्या खुर्चीवर बसत, वर्गाकडे पाठ करून. "बाहर की दुनिया अंदर नहीं बैठती," असं जाता जाता सांगत.

थोड्या वेळाने व्हरांड्यातून आवाज येई की तेल दुपटीने महागलं. इतक्या शेंगा जादा पाठवा, नाहीतर तुमची बस बंद, पंप बंद, गिरणी बंद. ओरडून, विनवून उपयोग नसे. बाहेरचं जग वर्तमानपत्र वाचत सुपारी चघळत बसलेलं असे. आत आधी हशा, मग भांडण, मग एक समिती. समिती नेहमी पहिल्या बाकावरच बसे, आणि तिचा निर्णय ऐकायला फार समजूतदार वाटे.

शेंगा वेळेवर बाहेर पोचत. देश वाचे. मग सर आत येऊन एवढंच विचारत, "कौन नहीं बोला?"

आमच्या वर्षी बरगीकडून येणारी फुलवती नावाची मुलगी होती, मासेमारी करणाऱ्यांच्या घरातली. बस चुकू नये म्हणून ती दाराजवळ शेवटच्या बाकावर बसायची. देश वाचला तेव्हा तिच्या पुढ्यात दोन सुकलेल्या शेंगा उरल्या होत्या आणि तिने कोणाला नाही म्हटलेलं नव्हतं. सर तिच्या बाकाशेजारी उभे राहिले आणि सगळ्यांना म्हणाले की झटका कुठे नाहीसा होत नाही, तो उतरायला जागा शोधत फिरतो आणि जो गप्प आहे त्याच्या घरी उतरतो. मग गोणीत उरलेला सगळा मटार त्यांनी तिच्यापुढे ओतला, आणि हे अर्थशास्त्र नव्हे, पेपरात लिहू नका, असंही बजावलं. आम्ही सगळ्यांनी मिळून तो खाल्ला. वर्गभर सालं झाली होती.

आता काकूंविषयी सांगायला हवं, कारण पुढची गोष्ट त्यांची आहे. मालतीकाकू आमच्या मराठी मंडळाचं वाचनालय चालवायच्या. मंडळाच्या जिन्याखाली दोन कपाटं आणि एक टेबल, त्याला आम्ही वाचनालय म्हणतो. आमच्याकडच्या मुलांना मराठी समजतं, पण ती बोलताना अडखळतात आणि वाचायला सांगितलं की पळ काढतात. काकू त्यांना दारातच पकडायच्या आणि गोष्ट ऐन रंगात आली की पुस्तक मिटून म्हणायच्या, पुढचं घरी जाऊन वाच. किती मुलांना त्यांनी असं फसवून वाचायला लावलं. मी त्यातलीच एक. स्वतः त्या स्वयंपाक करताना वाचायच्या, वाणसामानाच्या पुड्यांचे कागदही सोडायच्या नाहीत. सर गोष्टींची पुस्तकं वाचत नसत. ज्याला तळटीप नाही ते मी वाचत नाही, असं अभिमानाने सांगत, आणि काकू म्हणत, म्हणूनच तुम्हाला माणसं कळत नाहीत.

काकूंना काचबिंदू होता. बरीच वर्षं आधी निघालेला. डॉक्टरांनी दोन प्रकारचे थेंब दिले होते, जन्मभर रोज घालायचे, एक दिवस चुकवायचा नाही. नेमाने घातलेत तर शेवटपर्यंत वाचत राहाल, असं त्यांनी सांगितलं होतं. काकू ते वाक्य देवाच्या वचनासारखं सांगायच्या.

सरांचं कॉलेज खाजगी, पेन्शन बेताची. घर चालायचं ते अभयमुळे. त्यांचा एकुलता एक मुलगा आखातात एका बांधकाम कंपनीत होता. "आमचं घर म्हणजे एका निर्यातीचा देश," सर पाहुण्यांना सांगत. "निर्यात कोणती? अभय." महामारीत ती कंपनी बंद पडली. अभय बायको आणि लहान मुलीसह जबलपूरला परत आला, चार बॅगा आणि खाली गेलेली मान घेऊन. ज्या धक्क्यावर सरांनी जन्मभर शिकवलं तो चपला काढून त्यांच्याच घरात शिरला.

सर डगमगले नाहीत. मला वाटतं, थोडा उत्साहच आला त्यांना. पुढच्या रविवारी त्यांनी जेवायच्या टेबलावर बैठक घेतली. मीही त्या दिवशी जेवायला होते. प्रत्येकाने आपण काय सोडणार ते आपल्या तोंडाने सांगायचं, कोणी कोणावर लादायचं नाही, असा नियम. सरांनी रविवारची खोव्याची जिलबी सोडली, दुसरं वर्तमानपत्र सोडलं, स्कूटर विकायला काढली. अभयने महागडा फोन विकतो म्हटलं. सून पल्लवीने भांडी मी घासते म्हटलं. मग त्यांनी जाहीर केलं की नातीच्या दुधाला आणि कोणाच्याही औषधाला हात लागणार नाही. इतकी न्यायाची वाटणी मी कुठल्या देशात झालेली वाचली नव्हती.

काकू पोळ्या करत होत्या. गरम पोळी घेऊन येत, वाढत आणि परत जात. सर त्यांच्याकडे वळले तेव्हा त्या आत तव्याशी होत्या. आतूनच म्हणाल्या, माझं मी बघते.

"अच्छा, चलो," सर म्हणाले. "झालं तर मग."

आणि खरंच झालं. घर सावरलं. अभयला वर्षभराने रेडिमेड कपड्यांच्या एका कारखान्यात काम मिळालं, आखातातल्या पगाराच्या मानाने फार थोड्या पगारावर. सर गोलबाजारात जाताना जिलबीच्या दुकानाची गल्ली टाळून लांबच्या रस्त्याने जात. मटारचा तास घ्यायला ते निवृत्तीनंतरही येत, तेव्हा त्यांनी वर्गात सांगितलं की मी असं एक घर पाहिलंय, जिथे झटका कोणा एकावर उतरला नाही. कोणाचं घर ते सांगितलं नाही. चेहऱ्यावरून सगळ्यांना कळलं.

त्याच्या पुढच्या थंडीतली गोष्ट. मी चहाला गेले होते. काकू खाली परात घेऊन मटार सोलत बसल्या होत्या, सर खुर्चीत वर्तमानपत्र वाचत होते आणि मला कुठल्याशा देशाच्या गव्हाची खबर देत होते. काकूंचं सोलून झालं. दाण्यांचं पातेलं उचलून त्या उठल्या.

सर पेपराआडून म्हणाले, "हे काहून ठेवलं?"

"काय?"

"डावीकडच्या शेंगा."

परातीच्या डाव्या बाजूला ढीगभर शेंगा तशाच होत्या. काकूंनी परातीकडे पाहिलं. मग मान पूर्ण वळवली तेव्हा त्यांना त्या दिसल्या. त्या पुन्हा खाली बसल्या आणि सोलायला लागल्या. सरांनी पेपर बाजूला ठेवला. उठून त्यांच्या डाव्या बाजूला गेले आणि हात वर धरला. काकूंनी वर पाहिलं नाही. हात खाली घेऊन सरांनी हळूच विचारलं की थेंब घालतेस ना.

काकू शेंग सोलता सोलताच बोलल्या, जसं कोणी उतू गेलेल्या दुधाविषयी सांगतं. "एक बाटली बंद केली. दुसरी रात्रीचीच टाकून राहिली होती. अभयचं बस्तान बसेपर्यंत म्हटलं. तात्पुरतं होतं ना."

"मी औषधाला हात लावायचा नाही म्हणून सांगितलं होतं. बोलली काहून नाहीस?"

"तुम्ही सगळ्यांना विचारत होते," काकू म्हणाल्या, "तेव्हा मी पोळ्या लाटून राहिली होती."

त्यात टोमणा नव्हता. काकूंना टोमणा मारता येत असता तर बरं झालं असतं. सर तिथेच, परातीजवळ, फरशीवर बसले. गुडघ्यांमुळे त्यांना खाली बसता येत नसे, तरी बसले. किती तरी वेळ ते शेंगा सोलत राहिले आणि दाणे सालांत आणि सालं दाण्यांत टाकत राहिले. मी चहा न घेताच निघाले.

डॉक्टरांनी सांगितलं ते एका वाक्यात मावणारं होतं: जे गेलं ते गेलं, जे आहे ते नेमाने राहिलात तर राहील. डावा डोळा जवळजवळ गेला होता, उजव्यातली मधली नजर तेवढी शाबूत होती. काकू घरात हिंडूफिरू शकत होत्या, माणसं ओळखत होत्या. पण पुस्तक उघडलं की ओळ हरवायची. एका ओळीच्या शेवटाहून दुसरीच्या सुरुवातीला त्यांना पोचता येईना. वाचनालयाची किल्ली त्यांनी पदरालाच ठेवली. नोंदी मात्र मी करू लागले.

सरांची परीक्षेतली ती पुढची ओळ, जे परत येत नाही त्याला आधी कात्री लावू नका, ती काकूंना ठाऊक नव्हती असं नाही. वर्षानुवर्षं बैठकीत चालणाऱ्या शिकवण्या त्यांनी भिंतीआडून ऐकल्या होत्या. पण वर्गात शिकवलेलं आपल्याला लागू आहे असं त्यांना कोणी कधी सांगितलं नव्हतं. त्या स्वतःला देशात धरतच नव्हत्या.

त्या वर्षी सर मटारच्या तासाला येणार नाहीत असं मी धरून चालले होते. पण ते आले, गोणी घेऊनच आले. वाटप झालं. शिपायाने खुर्ची बाहेर ठेवली होती. सर दारापर्यंत गेले आणि परत फिरले. म्हणाले, आज नियम बदलला. आधी प्रत्येकाने सांगायचं की आपण काय देऊ शकत नाही. सुरुवात शेवटच्या बाकापासून. शेवटचा बाक बोलल्याशिवाय बाहेरचं जग खुर्चीवर बसणार नाही.

मागचा बाक बोलेना. सर दारात उभे. खोकल्याचे आवाज, कोणाची तरी शेंग फोडल्याचा आवाज. मग रांझीहून येणारा एक मुलगा उठला. त्याने बसच्या पासाविषयी काही सांगितलं. मग एक मुलगी, मग दोघं. तास संपायची घंटा झाली तरी सांगणं चालूच होतं. पहिल्या बाकावरचा एक मंत्री कुरकुरला की सर, झटका तो आया ही नहीं.

"आएगा, भैया," सर म्हणाले. "उसे आने की जल्दी है, तुम्हें सुनने की नहीं." आणि मग त्यांनी ते सांगितलं, जे सांगतील असं मला वाटलं नव्हतं. "पिछले साल मैंने एक घर की बात की थी. वह घर मेरा था. मैंने मेज़ पर बैठे सबसे पूछा था. जो रोटी परोस रही थी, उससे नहीं पूछा."

सरांनी गोणी तशीच ठेवली आणि ते रिक्षा शोधायला गेले. मला त्यांच्यामागे धावत जाऊन त्यांचा हात धरावासा वाटला, पण आमच्याकडे शिक्षकाचा हात धरत नाहीत. नुसती फाटकापर्यंत सोबत गेले.

सर नंतरच्या एका पावसाळ्यात गेले, झोपेत, कोणाला त्रास न देता. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याआधीच्या एका रविवारी, मंडळाच्या जिन्याखाली. मी पुस्तकं परत करायला गेले होते. वाचनालयात त्या दोघांशिवाय कोणी नव्हतं. काकू टेबलाशी बसल्या होत्या आणि सर त्यांच्या उजव्या हाताला, म्हणजे त्यांना दिसतील अशा बाजूला, स्टूल ओढून बसले होते. ते काकूंना गोष्ट वाचून दाखवत होते. तळटीप नसलेली गोष्ट, जुन्या दिवाळी अंकातली. वाचन अगदी वाईट. नायिकेचं रडणंही ते अंदाजपत्रकासारखं वाचत होते, आणि प्रत्येक पानानंतर थांबून विचारत होते की ऐकू येतंय ना, पुढे जाऊ ना. आवाज आता पूर्वीचा राहिला नव्हता, मधेच फाटत होता.

मी कपाटाआड पुस्तकं लावत राहिले. एका जागी सरांना खोकला आला. ते पाणी प्यायले, त्यांनी पान उलटलं, आणि थोडं पुढून सुरू केलं.

"थांबा," काकू म्हणाल्या. "मधलं गाळलं तुम्ही."

"काही विशेष नव्हतं तिथे. नुसतं वर्णन होतं."

"थकले असाल तर उद्या वाचा. पण गाळू नका."

आयुष्यभर प्रत्येक वाक्याचा प्रतिवाद करणारा माणूस. मी वाट पाहत होते. सरांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, परत घातला आणि दोन पानं मागे उलटली.

"बरं," ते म्हणाले. "कुठून पाहिजे, तू सांग."

"ती नदीवर जाते तिथून," काकू म्हणाल्या, आणि सर तिथून वाचू लागले.